जुन्या कॉन्टेसात नवीन इंजिन-गिअरबॉक्स बसवायचंय? गोव्यात बसून सगळं काम कसं करायचं ते पायरीपायरीने

आमच्या काकांची हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा आहे, डिचोलीला घराच्या अंगणात, जुनी दीड लिटरवाली. आपल्याकडे मसल कार म्हणून लोकांनी मनात धरलेली गाडी एकच आणि ती हीच, लांब बॉनेट, रुंद नाक, मागच्या चाकांना पॉवर. पण बॉनेट उघडलं की आत बसलंय ते १४८९ सीसीचं जुनं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) इंजिन, जेमतेम ५० हॉर्सपॉवरचं, आणि त्याला चार गिअर. १९८४ ला गाडी आली तेव्हा हेच इंजिन होतं, नंतर इसुझूचं १.८ लिटर आलं आणि पाच गिअर आले, २००२ ला गाडी बंद झाली. गंमत म्हणजे ही बॉडी मुळात इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची, आणि त्याच घराण्यातल्या व्हेंटोराला ३.३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन यायचं, म्हणजे बॉनेटखाली जागा का एवढी आहे ते कळतं.

अमेरिकेत हे काम सोपं झालंय, कारण तिथे जनरल मोटर्सचं एलएस व्ही-८ इंजिन आहे, १९९७ च्या कॉर्वेटपासून आलेलं, ५.७ लिटर आणि ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या बहुतेक नावाजलेल्या गाड्यांसाठी त्याच्या माउंटिंगचं (इंजिन धरून ठेवणाऱ्या भागांचं), संपचं (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचं), एक्झॉस्टचं सगळं किट तयार मिळतं. आपल्याला ते काही मिळत नाही. इथे प्रत्येक ब्रॅकेट मोजून, कापून, वेल्ड करून बनवायचा, म्हणून आपल्याकडे कामाचा क्रम चुकला की दुरुस्त करायला दुप्पट वेळ जातो. माझं सांगणं एवढंच आहे की इंजिन सगळ्यात शेवटी विकत घ्या. आधी कागद, मग गंज, मग मोजमाप, आणि मग इंजिन. बहुतेक जण बरोबर उलटं करतात आणि मग गाडी चार-चार वर्षं प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली पडून राहते, अशा गाड्या मी पाहिल्यात आणि वाईट वाटतं.

कागद

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नीट वाचून घ्या. कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची मान्यता लागते. बदल केल्यावर १४ दिवसांत कळवायचं असंही त्यात आहे, पण 'आधी करतो, मग कळवतो' ह्या भरवशावर राहू नका, कारण २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेसुद्धा मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलण्याबद्दल कडक भूमिका घेतलीय, आणि त्याच वर्षी आलेल्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तर पहिल्या दिवशी आपल्या आरटीओत जायचं, गाडी कुठली, इंजिन कुठलं, इंधन तेच की वेगळं, हे कागदावर लिहून न्यायचं आणि लेखी उत्तर मागायचं. नाही म्हणाले तर तिथेच थांबायचं, किंवा खाली लिहिलेला इसुझूचा मार्ग धरायचा. पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन घालायचा मोह टाळा, त्यात इंधनसुद्धा बदलतं आणि कागद आणखी अवघड होतात.

अजून एक गोष्ट फार कोणी बोलत नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, इंजिनात, चॅसीत, बॉडीत मोठा बदल केलेला नसला तर. १९८४ ची कॉन्टेसा २०३४ ला त्या वयाला पोचेल. गाडी अगदी ओरिजिनल, सगळे नंबर जुळणारे असतील तर माझ्या मते तिला हात लावू नका, आहे तेच इंजिन नीट बांधून घ्या. ज्या गाडीचं इंजिन आधीच गेलंय किंवा कोणीतरी आधीच बदललंय, तीच ह्या कामाला घ्या. आणि काढलेलं मूळ इंजिन विकू नका, ग्रीस लावून, स्पार्क प्लगच्या भोकातून थोडं ऑइल घालून, गुंडाळून माळ्यावर ठेवा.

गंज

गोव्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वर खारा वारा, त्यामुळे दिल्ली-पुण्याकडच्या गाडीपेक्षा आपली गाडी आतून वेगळी असते. काकांच्या गाडीचं कार्पेट उचललं तेव्हा खालचं फेल्ट ओलं लागत होतं, महिना एप्रिलचा. मेस्ताने (म्हणजे मेकॅनिकने) स्क्रूड्रायव्हर घेतला, ड्रायव्हरच्या टाचेखाली जिथे पाय ठेवतो तिथे नुसता टेकवला आणि जरा दाबला, करकर आवाज झाला आणि तो मुठीपर्यंत आत गेला, खालून अंगणातली लाल माती दिसायला लागली. वरून रंग एकदम ठीक होता. मेस्त म्हणाला, "आदीं गाडी पळोवया, मागीर इंजिन." (आधी गाडी बघू, मग इंजिन.) तेव्हा तिथेच सगळं थांबवलं आणि दीड महिना फक्त पत्र्याचं काम केलं.

हे काम असं करायचं. सगळं कार्पेट, सीट, अंडरकोटिंग काढा. कॉन्टेसाला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळं वजन पेलते, त्यामुळे पुढचे दोन्ही रेल, क्रॉसमेंबर (आडवा लोखंडी आधार) जिथे बोल्ट होतो ती जागा, दोन्ही बाजूंचे सिल (दारांखालचे पत्र्याचे पोकळ पट्टे), गिअरबॉक्सच्या वरचा बोगदा आणि मागच्या सस्पेन्शनचे पॉइंट हे सगळं हातोडीने ठोकून आवाज ऐका. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला ठप्प वाजतो. लोहचुंबक फिरवा, जिथे धरत नाही तिथे खाली पुटी भरलेली आहे. सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा, वर पत्रा चिकटवायचा नाही. फ्लोअरला साधारण १.२ मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, रेलला २ मिमी. गॅस वेल्डिंगने पत्रा तापून वेडावाकडा होतो, म्हणून मिग वेल्डिंगवाला शोधा. मग आतून बाहेरून प्राइमर, जोडांना सीलर, आणि सिलच्या आत पोकळीत मेणासारखं कॅव्हिटी वॅक्स. पाणी जायची भोकं मात्र मोकळी ठेवा, बऱ्याच वेळा ती भोकंच कोणीतरी अंडरकोटिंगने बुजवलेली असतात आणि तिथूनच सडायला सुरुवात होते.

हे सगळं चवथीनंतर सुरू करून मृगाच्या आत संपवायचं. पावसात उघडा पत्रा एका रात्रीत लालसर होतो, मग प्राइमर मारून उपयोग नाही.

कुठलं इंजिन

इंजिन लांबीने बसणारं आणि मागच्या चाकांना पॉवर देणारं पाहिजे, त्यामुळे स्विफ्ट, सिटी वगैरेंची आडवी इंजिनं विसरा. माझ्या मते खरे पर्याय दोन.

पहिला म्हणजे इसुझूचं १.८ आणि त्याचा पाच गिअरचा बॉक्स, कॉन्टेसाचाच. हे काही आधुनिक नाही, पण कंपनीने ह्याच बॉडीत बसवलेलं आहे, माउंटिंग, रेडिएटर, शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलला पॉवर नेणारा दांडा) सगळं दुसऱ्या कॉन्टेसातून काढून लागतं आणि आरटीओला समजावणंही सोपं जातं. रोज गाडी वापरायची असेल तर मी डोळे मिटून हेच सांगेन.

दुसरा म्हणजे इनोव्हाचं २ लिटर पेट्रोल, टोयोटाचं १टीआर-एफई, १९९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, टायमिंग चेनवालं, १३० बीएचपीच्या आसपास, आणि त्याच्या मागे त्याचाच पाच स्पीड. पुढचं सगळं हे धरूनच लिहितोय. टोयोटाची जेझेड वगैरे सहा सिलिंडरची इंजिनं बसवणारे लोक आहेत, पण मग मागचा ॲक्सल, ब्रेक, सगळंच बदलावं लागतं, आणि ते वेगळंच काम झालं.

इंजिन एकटं घेऊ नका. अपघातातली गाडी अख्खी मिळाली तर सगळ्यात चांगलं. गिअरबॉक्स, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग न कापता, ॲक्सिलरेटरचा पेडल, चावी आणि इमोबिलायझरचा (चावी ओळखून मगच इंजिन चालू होऊ देणारा) भाग, ऑक्सिजन सेन्सर, अल्टरनेटर, स्टार्टर, एसी कॉम्प्रेसर, फ्युएल पंप, सगळं एकाच गाडीचं. आमच्या ओळखीतल्या एकाने इंजिन घेतलं आणि ईसीयू दुसरीकडून घेतला, चावी जुळेना, तीन महिने गेले. घेताना कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा, चारही सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या आत पाहिजे. ऑइलचं झाकण उघडून खाली दुधासारखं पांढरं दिसलं तर सोडून द्या. आणि बिल घ्या, बिलावर इंजिन नंबर आणि ज्या गाडीतून काढलं तिचा चॅसी नंबर पाहिजे, त्या गाडीची नोंदणी रद्द केल्याच्या कागदाची प्रतसुद्धा. हा कागद नसला तर स्वस्त मिळालं म्हणून घेऊ नका, उद्या ते इंजिन चोरीचं निघालं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

मोजमाप आणि टांगून बघणं

पैसे देण्याआधी टेप घेऊन जा. संपचा खोल भाग पुढे आहे की मागे, हा पहिला प्रश्न, कारण कॉन्टेसाचा पुढचा क्रॉसमेंबर इंजिनाच्या खालून जातो आणि संपचा पोटाचा भाग त्याच्यावर आला तर इंजिन वर उचलावं लागतं. एका मित्राच्या गाडीत तसंच झालं, इंजिन उचललं म्हणून बॉनेट बसेना, बॉनेट बसवायला मागून खाली दाबलं तर शाफ्टचा अँगल बिघडला आणि सत्तरच्या स्पीडला सगळी गाडी थरथरायला लागली. शेवटी सगळं काढून संप कापून नवीन बनवला, तो आधीच बनवला असता तर एका आठवड्याचं काम होतं. संप बदलताना आतल्या ऑइल पिकअपच्या पाइपची जागाही बदलते, ती जाळी तळापासून ८-१० मिमी वर पाहिजे.

मग जुनं इंजिन काढा (प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर नाव लिहून, फोटो काढून), बॉनेटखालची जागा धुवून घ्या, आणि नवीन इंजिन-गिअरबॉक्स जोडून चेन ब्लॉकला टांगून आत उतरवा. गाडी चाकांवर सपाट उभी पाहिजे, जॅकवर नाही. आता घाई करू नका, अर्धा दिवस नुसतं बघा. स्टिअरिंगचे रॉड पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवून कुठे लागतात का, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टिअरिंगच्या दांड्याला लागतो का, बॉनेटला आणि रेडिएटरच्या फॅनला किमान २५ मिमी मोकळं आहे का. बॉनेटसाठी मळलेल्या कणकेचा गोळा इंजिनाच्या सगळ्यात उंच जागेवर ठेवून बॉनेट हळू बंद करा, उघडल्यावर गोळ्याची जाडी मोजा, ह्याच्यापेक्षा सोपी पद्धत नाही.

अँगल मोबाइलच्या ॲपवर न मोजता चुंबकवाला अँगल गेज घ्या. गिअरबॉक्सची मागची टोकाची बाजू साधारण ३ अंश खाली झुकलेली, आणि मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं) तोंड तेवढंच वर, म्हणजे दोघांच्या रेषा एकमेकींना समांतर. दोन्हीत एक अंशापेक्षा जास्त फरक नको. सगळं जुळलं की माउंटिंगचे ब्रॅकेट ५-६ मिमीच्या प्लेटचे कापून नुसते टॅक करा (ठिपके मारून तात्पुरते वेल्ड करा), इंजिन बाहेर काढा आणि मग पूर्ण वेल्ड करा. रबर इनोव्हाचेच वापरा. गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर बोल्टने निघणारा ठेवा, नाहीतर क्लच बदलायला उद्या कटर लागेल. गाडीत कुठेही वेल्डिंग चालू असताना बॅटरी आणि ईसीयू दोन्ही काढून ठेवा.

शाफ्ट, डिफरन्शियल, क्लच

प्रोपेलर शाफ्ट इथे बनवणं अवघड नाही, खाणींच्या ट्रकांमुळे डिचोली-उसगाव पट्ट्यात जड गाड्यांची कामं केलेले लेथवाले आहेत, बॅलन्सिंगचं मशीन जवळ नसलं तर बेळगावला उद्यमबागेत किंवा कोल्हापूरला शिरोलीला काम होतं. माप गाडी चाकांवर असताना घ्यायचं आणि स्लिप जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा जोड) पूर्ण आत टेकल्यावर तिथून २०-२५ मिमी बाहेर असेल असं धरायचं. दोन्ही टोकांचे क्रॉस एकाच रेषेत पाहिजेत. बॅलन्स न करता शाफ्ट लावू नका, हे पैसे वाचवायची जागा नाही.

डिफरन्शियलचा रेशो बदलायचा का हे गणित करून ठरवा. समजा टायर १९५/७० आर१४, म्हणजे एका फेऱ्यात साधारण १.९७ मीटर. ताशी ८० ला चाक मिनिटाला साधारण ६७५ फेरे घेतं. डिफरन्शियल ३.९ आणि पाचवा गिअर ०.८५ धरला तर इंजिन साधारण २२४० आरपीएमवर, एकदम निवांत. तुमच्या बॉक्सचे खरे आकडे घालून असंच काढा, घाटात चौथ्या गिअरला काय होईल तेही बघा. क्लचमध्ये वरचा मास्टर सिलिंडर आणि खालचा स्लेव्ह ह्यांच्या बोअरचा मेळ पाहिजे, जुळला नाही तर पेडल दगडासारखं होतं किंवा क्लच पूर्ण सुटतच नाही.

पेट्रोल, पाणी, वायर

कार्ब्युरेटरच्या पंपाचं प्रेशर अगदी कमी, पाव बारच्या आसपास, आणि इंजेक्शनला साधारण ३ बार लागतं. म्हणून जुनी रबरी नळी आणि साधे क्लिप इथे चालणार नाहीत, फ्युएल इंजेक्शनसाठीच बनवलेली नळी घ्यायची. टाकी उतरवून आतला गंज काढा, पंप टाकीच्या आत बसवा आणि पंपाभोवती छोटी वाटी वेल्ड करून घ्या, नाहीतर पेट्रोल कमी असताना वळणावर पंप हवा ओढतो. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल असलेलं) पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आपल्या हवेत गाडी दोन महिने उभी राहिली की टाकीत पाणी साचू शकतं, तर जुने रबर सगळे बदला आणि टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी पावसाळ्यात उभी करू नका.

रेडिएटर इनोव्हाचा बसला तर तोच, नाही बसला तर तेवढ्याच जाडीचा बनवून घ्या, मागे इलेक्ट्रिक फॅन आणि फॅनला पूर्ण श्राउड (रेडिएटर आणि फॅनभोवतीचं आवरण). श्राउड नसला तर फॅन फक्त स्वतःपुढच्या गोलातूनच हवा ओढतो. ही गाडी हायवेवर कधी तापत नाही, ती डिसेंबरमध्ये पर्वरीच्या जाममध्ये एसी चालू असताना तापते, त्या हिशोबाने करा. नळाचं पाणी नको, कूलंट अर्धं आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं.

वायरिंग हे सगळ्यात जास्त लोकांना अडकवणारं काम. इनोव्हाचा हार्नेस (वायरींचा पूर्ण जुडगा) टेबलावर पसरा, दारं-काचा-मागचे दिवे ह्यांच्या वायरी सर्किट डायग्राम बघून वेगळ्या करा, इंजिनाच्या तशाच ठेवा. ईसीयूला लागतात त्या गोष्टी मोजक्या आहेत, बॅटरीचा कायमचा प्लस, इग्निशनचा प्लस, चांगला अर्थ, पंपाचा रिले, आणि स्पीडचा सिग्नल. चेक इंजिनचा दिवा आणि स्कॅनरचं सॉकेट काढून टाकू नका, पुढे दोष शोधायला तेच लागतं. गंजलेल्या बॉडीचा अर्थ धरत नाही, म्हणून इंजिनापासून बॉडीला आणि बॅटरीला जाड केबल, पत्रा घासून, बोल्ट आवळून वर ग्रीस. जोड सगळे सोल्डर किंवा नीट क्रिंप करून हीटश्रिंक घाला, खाऱ्या हवेत नुसती पिळून टेप मारलेली वायर दोन पावसाळ्यांत हिरवी पडते. एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर जागच्या जागी ठेवा, ते काढले तर ईसीयूचा हिशोब बिघडतो आणि पीयूसीलाही अडचण येते.

ब्रेक

५० हॉर्सपॉवरच्या जागी १३० आले, म्हणजे गाडी चालू करायच्या आधी ब्रेक. स्टीलच्या सगळ्या लाइन नवीन, सगळे रबर नवीन, मास्टर सिलिंडर नवीन, डिस्क मोजून बघा. व्हॅक्युम सर्वोची (ब्रेकच्या पेडलला जोर देणाऱ्या भागाची) नळी नवीन इंजिनाच्या मॅनिफोल्डला वन-वे व्हॉल्व्ह घालून जोडा. पुढच्या दोन्ही चाकांखालचं वजन काट्यावर आधी आणि नंतर मोजा, वजन वाढलं असेल तर पुढच्या स्प्रिंगा त्याप्रमाणे.

पहिला स्टार्ट आणि पुढे

फ्युएल पंपाचा फ्युज काढून नुसतं क्रँक करा, दहा-दहा सेकंद, मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्या, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग फ्युज घाला, इग्निशन ऑन करून पंपाचा आवाज ऐका आणि एक माणूस टॉर्च घेऊन प्रत्येक पेट्रोलच्या जोडाकडे बघत उभा राहू दे, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. गळत नसलं तरच स्टार्ट. फॅन आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत जागेवर चालू ठेवा, हवा निघेल तसं कूलंट भरत जा.

पहिल्या दिवशी गावातल्या गावात पाच किलोमीटर, परत येऊन खाली झोपून सगळं बघा. मग पन्नास. मग एकदा सकाळी लवकर साखळीहून चोर्ला घाट चढा, वर पोचल्यावर लगेच बंद करू नका, आधी टेंपरेचर, मग बॉनेट उघडून वास घ्या, पेट्रोलचा, क्लचचा, तापलेल्या वायरचा. उतरताना ब्रेक ढिले पडतात का ते कळतं. अमुक एका स्पीडलाच थरथर येत असेल तर शाफ्ट किंवा अँगल, आणि क्लच सोडताना धक्का येत असेल तर माउंटिंग.

मान्यता मिळालेल्या कागदांप्रमाणे आरसीवर नवीन इंजिन नंबर चढवून घ्या आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी हेच कारण पुढे येईल. ५०० किलोमीटरनंतर ऑइल बदला, माउंटिंग, क्रॉसमेंबर, शाफ्ट, सगळे बोल्ट टॉर्क रेंचने परत आवळा आणि आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पेंटची रेघ ओढा, म्हणजे पुढच्या वेळी खालून नुसती टॉर्च मारली तरी कुठला हलला ते दिसेल. आमच्या गाडीत गिअरबॉक्सच्या क्रॉसमेंबरचा डावा बोल्ट तसाच सापडला, पाव फेरा सुटलेला, आता तिथे नायलॉक नट आहे.